किटलीच्या आवाजावरून लॉर्ड रेलेंनी मांडलेलं गणित वऱ्हाडातल्या मोटरीलाही लागू पडतं

अकोला असो नाहीतर अमरावती, मे महिन्यात विहिरीच्या पाण्याने तळ गाठला की शेतातल्या मोटरीचा आवाज बदलतो. एरवी एका सुरात घुमणारी मोटर अचानक कडकड करायला लागते. पंपात कुणीतरी मूठभर गिट्टी टाकलीय, असा तो आवाज. शेतकरी मोटर बंद करतो, मेकॅनिकला बोलावतो, पंप खोलला जातो. आत गिट्टी नसते. पण बिडाच्या इंपेलरवर बारीक बारीक खड्डे पडलेले असतात, वाळवीने लाकूड खावं तसे.

मग धातू खाल्ला कुणी?

पाण्याने. नेमकं सांगायचं तर पाण्यातल्या बुडबुड्यांनी.

ऐकायला हे पटत नाही. बोट लावलं तरी फुटणारा बुडबुडा लोखंड कसं खाईल? याचं गणित १९१७ साली इंग्लंडमधल्या ७४ वर्षांच्या एका जमीनदाराने मांडलं. त्याला ना मोटरीची चिंता होती ना विहिरीची. त्याच्या डोक्यात होती चहाची किटली. आकाश निळं का दिसतं हे सांगणारा, हवेत लपलेला आरगॉन वायू शोधणारा आणि त्यासाठी नोबेल मिळवणारा हा माणूस म्हणजे जॉन विल्यम स्ट्रट. जग त्यांना लॉर्ड रेले म्हणून ओळखतं.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८४२ चा, इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातला. घरची हजारो एकर जमीन, वडील सरदार घराण्यातले. कमी होती ती फक्त तब्येतीची. आजारपणामुळे ईटन आणि हॅरो या नामांकित शाळा त्यांना थोड्याच काळात सोडाव्या लागल्या. १८६१ मध्ये ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले आणि १८६५ मध्ये गणिताच्या परीक्षेत पहिले आले. त्या पहिल्या नंबराला तिथे सीनियर रँग्लर म्हणतात. आपल्याकडे रँग्लर परांजपे यांच्यामुळे हा शब्द घरोघरी पोचला, ते १८९९ मध्ये याच मानाचे वाटेकरी झाले होते.

एवढ्या मोठ्या घरातल्या मुलाने पुढे राजकारणात जावं, शिकार करावी, जमिनी सांभाळाव्यात अशी सगळ्यांची अपेक्षा. यांनी घरीच प्रयोग सुरू केले. १८७१ मध्ये त्यांचं लग्न इव्हलिन बाल्फोर यांच्याशी झालं. त्यांचे भाऊ आर्थर बाल्फोर पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी रेलेंना संधिवाताच्या तापाने गाठलं. जिवावर बेतलं होतं. हवापालटासाठी हिवाळ्यात ते इजिप्तला गेले आणि नाईल नदीवर नावेत राहिले. प्रयोगशाळा नाही, मोठं ग्रंथालय नाही. त्या नावेत त्यांनी ध्वनीवरच्या ग्रंथाचं लिखाण सुरू केलं. थिअरी ऑफ साउंड या नावाने त्याचे दोन खंड १८७७ आणि १८७८ मध्ये निघाले. तबल्याची पुडी असो की मोटारीचा सायलेन्सर, कंपनाचा अभ्यास करणारा माणूस आजही फिरून त्या ग्रंथापाशी येतो.

१८७३ मध्ये वडील गेले आणि ते तिसरे लॉर्ड रेले झाले. टर्लिंगचा वाडा आणि सात हजार एकर जमीन त्यांच्याकडे आली. तीन वर्षं त्यांनी कारभार पाहिला आणि १८७६ मध्ये सगळी शेती धाकट्या भावाच्या हवाली केली. स्वतः वाड्यातल्या प्रयोगशाळेत जाऊन बसले. तिथली बरीचशी उपकरणं साधी, घरच्या घरी जुळवलेली होती. १८७९ ते १८८४ या काळात ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख होते. १८८२ पासून तिथले वर्ग मुलींना मुलांच्या बरोबरीने खुले झाले, तेही त्यांच्याच काळात. पण मन रमलं ते टर्लिंगलाच.

त्यांच्या कामाची पद्धत कळायला आरगॉनची गोष्ट पुरेशी आहे. रेले वायूंची घनता मोजत होते. हवेतून वेगळा केलेला नायट्रोजन आणि अमोनियासारख्या रसायनांतून मिळवलेला नायट्रोजन, दोन्हींचं वजन सारखं यायला हवं. येईना. एक लिटर हवेतला नायट्रोजन सुमारे १.२५७ ग्रॅम भरायचा, रसायनातला १.२५०. फरक साधारण दोनशेत एक. दुसरा कुणी असता तर काटा चुकला म्हणून मोकळा झाला असता. यांनी काटा तपासला, भांडी तपासली, पुन्हा पुन्हा मोजलं. फरक काही जाईना. शेवटी १८९२ मध्ये नेचर या नियतकालिकात पत्र लिहून त्यांनी रसायनवाल्यांकडे मदत मागितली. विल्यम रॅम्से पुढे आले आणि १८९४ मध्ये दोघांनी मिळून हवेत लपलेला आरगॉन जगासमोर आणला. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात तो जवळजवळ एक टक्का असतो. १९०४ मध्ये रेलेंना भौतिकशास्त्राचं आणि रॅम्सेंना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रेलेंनी बक्षिसाची रक्कम केंब्रिज विद्यापीठाला देऊन टाकली.

याच काळातली आणखी एक गोष्ट आहे, ती थेट मुंबईशी जोडलेली. रॉयल सोसायटीचे सचिव असताना १८९१ मध्ये रेलेंना सोसायटीच्या दप्तरात एक जुनं हस्तलिखित सापडलं. लेखक जॉन जेम्स वॉटर्स्टन. हा माणूस मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी कॅडेटना शिकवायचा. वायूचा दाब म्हणजे असंख्य कणांची भिंतीवर होणारी टक्कर, हे त्याने १८४५ मध्ये मुंबईत बसून गणिताने मांडलं आणि लंडनला पाठवलं. परीक्षकांनी ते मूर्खपणा ठरवलं. लेख छापला नाही आणि परतही केला नाही. वॉटर्स्टनकडे त्याची दुसरी प्रत नव्हती. पुढे तेच सिद्धांत दुसऱ्यांच्या नावावर गाजले. १८८३ मध्ये वॉटर्स्टन एडिंबरात फिरायला म्हणून घराबाहेर पडले, ते परतलेच नाहीत.

रेलेंनी तो लेख १८९२ मध्ये छापून घेतला आणि संस्थेची चूक उघडपणे कबूल केली. मात्र प्रस्तावनेत त्यांनी नवख्या अभ्यासकांना एक सल्लाही दिला. आधी छोट्या, सहज पटणाऱ्या कामांतून नाव कमवा, मग मोठी झेप घ्या, असा त्याचा आशय. सात हजार एकरांच्या मालकाने मुंबईतल्या मास्तरच्या लेखावर असं लिहावं, हे आज वाचताना टोचतं.

अर्थात नवख्यांशी ते नेहमीच असे वागले असं नाही. १९०६ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या अठरा वर्षांच्या एका पोराचा प्रकाशावरचा निबंध लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये छापून आला. रेलेंनी त्याला पत्र लिहिलं, आणि समोरचा प्राध्यापकच असणार असं समजून लिहिलं, असं सांगतात. तो पोरगा म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन. पुढे सरकारी वित्त खात्याच्या नोकरीत १९१० मध्ये त्यांची बदली नागपूरला झाली होती. तेव्हा वऱ्हाडचा कारभारही मध्य प्रांतासोबत नागपुरातूनच चालायचा.

याच रामन यांनी पुढे रेलेंची एक चूक पकडली. आकाश निळं का, याचं उत्तर रेलेंनी १८७१ मध्ये दिलं होतं आणि ते बरोबर होतं. पण समुद्राचा निळा रंग म्हणजे पाण्यात पडलेलं आकाशाचं प्रतिबिंब, असं त्यांचं मत होतं. १९२१ मध्ये इंग्लंडहून नार्कुंडा बोटीने परतताना रामन यांनी साध्या प्रिझमने समुद्र न्याहाळला आणि पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरतात, हे मुंबई बंदरातून नेचरला कळवलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये रेलेंच्या नावाची पाटी बसली. निसर्गाच्या ज्ञानात कधीही न चुकणारा वाटाड्या, असं त्यांचं वर्णन त्या पाटीवर आहे.

आता किटलीकडे.

चुलीवर आधण ठेवलं की उकळी फुटायच्या आधी भांडं सूं-सूं करायला लागतं. आवाज वाढत जातो आणि खरी उकळी आली की उलट मऊ होतो. चहाच्या टपरीवर उभं राहणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकलेलं असतं. त्याचं कारण असं. बुडाशी तापलेल्या पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. ते वर निघतात, पण वरचं पाणी अजून तेवढं तापलेलं नसतं. तिथे पोचताच वाफेचं पुन्हा पाणी होतं, बुडबुडा आतल्या आत मिटतो आणि भोवतालचं पाणी त्या रिकाम्या जागेत धडकतं. अशा हजारो धडकांचा मिळून तो आवाज. ओस्बोर्न रेनॉल्ड्स या इंजिनिअरने हे लिहून ठेवलं होतं. रेलेंनी ते वाचलं आणि प्रश्न घेतला: मिटताना पाण्यात दाब नेमका किती वाढतो?

त्यांनी काम सुरू केलं तोच त्यांना कळलं की चार्ल्स पार्सन्सही याच प्रश्नाच्या मागे आहेत, आणि त्यांची गरज बरीच तातडीची आहे.

हे पार्सन्स म्हणजे वाफेची टर्बाइन बोटीत बसवणारे. त्यांची टर्बिनिया बोट सुरुवातीला काही केल्या वेग घेत नव्हती. इंजिनात ताकद भरपूर, पण पंखा इतक्या जोरात फिरायचा की त्याच्या मागे पाणी फाटून पोकळ्या तयार व्हायच्या आणि पंख्याला ढकलायला पाणीच उरायचं नाही. या प्रकाराला कॅव्हिटेशन म्हणतात. पार्सन्स यांनी त्यासाठी पाण्याची खास टाकी बांधून पंखे तपासले, पंख्यांची संख्या आणि आकार बदलला. २६ जून १८९७ ला राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली म्हणून भरलेल्या आरमारी संचलनात टर्बिनिया ताशी ३४ सागरी मैलांच्या आसपास वेगाने सगळ्यांसमोरून सुसाट गेली. चारच दिवसांपूर्वी, त्याच समारंभाच्या रात्री, पुण्यात चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली होती. एकाच उत्सवाची ही दोन टोकं.

वेग मिळाला, पण नवी डोकेदुखी आली. वेगवान जहाजांचे पंखे काही काळातच खड्डे पडून खराब व्हायला लागले. पहिलं महायुद्ध पेटलेलं, आरमाराला जहाजं गोदीत उभी करणं परवडणारं नव्हतं. गंज चढतोय की दुसरंच काही, यावर वाद सुरू होता. पार्सन्स यांना संशय होता मिटणाऱ्या पोकळ्यांवर.

रेलेंनी ऑगस्ट १९१७ मध्ये फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये जे छापलं ते जेमतेम काही पानांचं आहे. त्यांनी कल्पना केली की पाण्यात एक गोल, पूर्ण रिकामी पोकळी आहे आणि चहूबाजूंनी नेहमीचा हवेचा दाब आहे. आता पाणी आत धावणार. एक सेंटिमीटर त्रिज्येची पोकळी मिटायला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ लागतो, हे त्यांच्या सूत्रातून निघतं.

पण खरी गोम दाबात आहे. कबड्डीत चढाईला आलेल्या खेळाडूभोवती साखळी आवळत जाते ते आठवा. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ज्या खेळाचं प्रात्यक्षिक बर्लिनला नेऊन दाखवलं, तोच हा खेळ. साखळी मोठी असताना सगळे सावकाश सरकतात. वर्तुळ लहान होत गेलं की सगळ्यांचा जोर एकाच जागी येतो. पाण्याचंही तसंच होतं. मोठ्या पोकळीभोवतालच्या सगळ्या पाण्याला मिळालेली ऊर्जा शेवटी अगदी इवल्याशा जागेत कोंबली जाते. पोकळी मूळ त्रिज्येच्या विसाव्या भागाएवढी उरते तेव्हा तिच्या जवळच्या पाण्यातला दाब हवेच्या दाबाच्या १२६० पट होतो. म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर सुमारे तेरा क्विंटल. बाजार समितीत कापूस मोजणाऱ्याला हा आकडा वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. पोकळी पूर्ण रिकामी धरली तर शेवटच्या क्षणी पाण्याचा वेग अनंत होतो, आणि निसर्गात असं होत नाही. मग त्यांनी पोकळीत थोडा वायू भरून पाहिला. आता पाणी आत घुसतं, वायू दबतो, स्प्रिंगसारखा उलटा जोर लावतो आणि पाण्याला परत ढकलतो. बुडबुडा फुगतो, मिटतो, पुन्हा फुगतो. वॉटर्स्टनने मुंबईत बसून ज्या कणांच्या धडकांचा हिशेब मांडला होता, त्याच धडका ही स्प्रिंग चालवतात. अशा प्रत्येक हेलकाव्याबरोबर दाबाची लाट पाण्यात सगळीकडे पसरते. छोट्या हेलकाव्यांची लाट म्हणजे साधा आवाज. १९३३ मध्ये नेदरलँड्समधल्या मार्सेल मिनार्ट यांनी दाखवलं की वाहत्या पाण्याची खळखळ म्हणजे अशा हवेच्या बुडबुड्यांचंच गाणं आहे. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा पाण्यात सेकंदाला सव्वातीन हजारांच्या आसपास वेळा थरथरतो. हेलकावा जोराचा असेल तर मात्र तीच लाट हातोड्यासारखी बसते.

पार्सन्स आणि त्यांचे सहकारी कुक यांनी १९१९ मध्ये पंख्यांची झीज याच माऱ्यामुळे होते, असा निष्कर्ष छापला. त्याच वर्षी ३० जूनला रेले टर्लिंगच्या वाड्यात वारले. वय ७६. शेवटपर्यंत ते लिहीत होते. शोधनिबंधांची संख्या ४४६ भरते. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या मिल्टन प्लेसेट यांनी त्यांचं बुडबुड्याचं गणित पुढे नेलं. आज ते समीकरण रेले-प्लेसेट या जोडनावाने शिकवलं जातं.

आता वऱ्हाडातल्या त्या कडकडणाऱ्या मोटरीचं उत्तर देता येतं. मोनोब्लॉक मोटर विहिरीच्या काठावर किंवा टप्प्यावर बसवलेली असते. पाणी खाली गेलं की तिला ते जास्त खोलून ओढावं लागतं आणि सक्शनच्या पाइपात दाब घसरतो. कागदावर दहा मीटरपर्यंत पाणी ओढता येतं, प्रत्यक्षात सहा-सात मीटरनंतर अडचण सुरू होते. दाब फार घसरला की पाणी न तापवताच उकळतं, म्हणजे त्यात वाफेचे बुडबुडे होतात. उन्हाळ्यात पाणी कोमट असेल तर आणखी लवकर. हे बुडबुडे इंपेलरबरोबर फिरत जास्त दाबाच्या बाजूला पोचले की मिटतात, किटलीत मिटतात तसेच. धातूच्या अगदी जवळ मिटणारा बुडबुडा गोल राहत नाही, एका बाजूने आत दबतो आणि पाण्याची बारीक पिचकारी धातूवर मारतो. रेलेंच्या गणितात ही पिचकारी नव्हती, ती नंतरच्या लोकांनी शोधली.

पाइपाचा जोड ढिला होऊन मोटर हवा धरते, तो प्रकार वेगळा. तिथे पाणी तुटतं, पण आत गेलेली हवा गादीसारखी दबते आणि धातूला एवढं खात नाही. कडकडाट असेल तर उपाय साधे आहेत. मोटर खाली उतरवायची, फूटव्हॉल्व्हला अडकलेला कचरा काढायचा, सक्शनचा पाइप बारीक वापरायचा नाही.

जहाजाचे पंखे खाणारा हाच बुडबुडा एका ठिकाणी माणसाच्या कामी आला. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलाय. विहिरींचं पाणी खारट. या गावांमध्ये किडनीच्या आजारांच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. मूतखडा हा शब्द इथे शाळेतल्या पोरालाही माहीत असतो. १९८० मध्ये जर्मनीतल्या म्युनिकमध्ये पहिल्यांदा पोट न फाडता, बाहेरून दाबाच्या लाटा सोडून एका रुग्णाचा खडा फोडला गेला. यालाच लिथोट्रिप्सी म्हणतात.

यात यंत्र शरीराबाहेरून लाटेचा ठोका देतं. ठोक्याचा पहिला भाग दाबतो, मागचा भाग ताणतो. त्या ताणाने खड्याभोवतीच्या द्रवात बुडबुडे तयार होतात, ते मिटतात आणि खडा कुरतडत जातात. खडा फुटतो तो सरळ धक्क्याने आणि या कुरतडण्याने मिळून. पण बुडबुडे जास्त झाले तर पुढचा ठोका त्यांच्यातच अडकतो, खड्यापर्यंत पूर्ण पोचत नाही. म्हणून मिनिटाला १२० ऐवजी ६० ठोके दिले तर खडा चांगला फुटतो, असं आढळलंय. टेबलावरच्या रुग्णाला वाटतं की यंत्र उगाच रेंगाळतंय. खरं तर दोन ठोक्यांच्या मधल्या त्या एका सेकंदात आधीचे बुडबुडे विरायची वाट पाहिली जात असते.